सोशिकपणा आणि उभारी

बहिणाबाई चौधरींचे नाव निघाले की ‘दुःखाने त्यांना गाणे दिले’ हे वाक्य ठरलेलेच. धुळ्याच्या वर्गात मीही ते वर्षानुवर्षे उच्चारले. वडील वारल्यावर शाळा सोडू पाहणाऱ्या एका मुलीला मी म्हणालो, “बहिणाबाईंसारखी सोस.” ती म्हणाली, “सोसतेच आहे, सर. पण कापूस वेचायला कोण जाईल?”

त्या उत्तराने मला एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे वळविले. जन्म १९२९, जर्मनीत. बालपण महायुद्धाच्या छायेत. पुढे अमेरिकेत राहून त्यांनी हवाईतील कवाई बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशके मागोवा घेतला. दारिद्र्य व गृहकलह यांत वाढलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले कर्ती आणि मायाळू निघाली. त्याला स्वभावाची जोड होतीच. पण आजी, शिक्षक, शेजारी असे एखादे भरवशाचे माणूसही पाठीशी होते. उरलेल्यांपैकीही अनेक जण शिक्षणाची वा कामाची दुसरी संधी मिळताच सावरले. बाई २०१७ मध्ये निवर्तल्या.

आता पुन्हा आपल्या बहिणाबाई वाचाव्यात. १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात जन्म, तिशीत वैधव्य, पदरी मुले आणि पुढ्यात शेत. तरी त्यांची विधवा ज्योतिष्याला दारी येऊ नको म्हणून बजावते. हा सोशिकपणा नव्हे, ही उभारी आहे. ‘मन’ या कवितेत तर हाकलले तरी पुन्हा पिकात शिरणाऱ्या ढोराच्या रूपाने त्या मनाची ओढाळ चाल दाखवितात. वर्नरबाईंनी जे बाहेरून मोजले, ते बहिणाबाईंनी आतून पाहिले.

परंतु ही अक्षरशत्रू बाई एकटीच तरली असती, तर तिची गाणी जात्याबरोबरच थांबली असती. मुलगा सोपानदेव आणि आप्त पितांबर चौधरी यांनी ती टिपली. अत्र्यांच्या प्रस्तावनेसह १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. बहिणाबाई आदल्याच वर्षी गेल्या होत्या. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की त्यांचे नाव घेऊन कोणाला सोसायला सांगू नये. त्याच्यामागे कोण उभे आहे, ते विचारावे.

ती मुलगी आता आठवड्यातून दोनदा वेचणी आटोपून माझ्या ओट्यावर वही घेऊन येते. कविता बहिणाबाईंचीच असते. उपदेश मात्र मी आवरतो.