टिंबाने खाल्ले बारा गुंठे

यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या खेड्यातील शाळेत मुलांना विचारून पाहा, "तुमचं शेत किती?" उत्तर येईल, "साडेतीन एकर" किंवा "पाच एकर". त्याच मुलाच्या घरचा सातबारा मात्र हेक्टर आणि आर सांगतो. दशमान वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला. त्याला सात दशके होत आली, तरी कागदाची भाषा वेगळी आणि बांधावरची वेगळी.

राज्य शासनाने २०२० साली सातबाऱ्याचा नमुना सुधारला. शेतजमिनीचे क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर आणि बिनशेती जमिनीचे आर, चौरस मीटर असे एककासह दाखवायचे ठरले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. एककाविना आकड्याला अर्थ नसतो, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नको. आमचा आक्षेप आहे तो निराळ्याच समजुतीला. रकान्याचे शीर्षक बदलले, संगणकाच्या आज्ञावलीत एक गुणक बसवला, की एककबदल पुरा झाला, असे मानले जाते. तो तसा होत नाही. का, ते उदाहरणानेच पाहू.

वऱ्हाडात इंग्रजी अमदानीत जमीनमोजणी झाली ती मुंबई इलाख्याच्या धर्तीवर. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. साडेतीन एकर लिहायचे ३-२०, म्हणजे ३ एकर २० गुंठे. आता हा आकडा संगणकात भरताना कोणी मधल्या रेघेऐवजी टिंब दिले तर? संगणक त्याला दशांश अपूर्णांक समजतो. एका एकराचे ४०४६.८६ चौरस मीटर धरून तो ३.२० ला गुणतो आणि उत्तर देतो १२,९५० चौरस मीटर. खरे क्षेत्र १४,१६४ चौरस मीटर, म्हणजे १ हेक्टर ४१ आर ६४ चौरस मीटर. गुणाकार अगदी बिनचूक झाला, पण शेतकऱ्याचे बारा गुंठे गेले! छत्तीसगडात एकराचे १०० डिसमिल करतात. तिथे तेच टिंब बरोबर ठरले असते.

दुसरा घोटाळा "गुंठा म्हणजेच आर" या सोयीच्या समजुतीचा. गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा, आर १०० चा. फरक जेमतेम सव्वा टक्का; पण पाच एकरांत तो २३४ चौरस मीटर होतो.

तिसरा घोटाळा जवळचा पूर्ण आकडा धरण्याचा. वरच्या शेताच्या तीन भावांत सारख्या वाटण्या करा. प्रत्येकी ४७.२१ आर येतात. पूर्ण आर धरले तर प्रत्येकाला ४७, तिघांचे मिळून १४१. एकूण क्षेत्र मात्र त्याच नियमाने १४२. मधला एक आर कोणाचा? भाऊबंदकीला एवढे निमित्त पुरते. चौरस मीटरचा रकाना महत्त्वाचा तो यासाठीच.

याउलट, फार सूक्ष्म फरकाचा बाऊ करण्याचेही कारण नाही. भारतीय फुटाची १९६२ ची किंमत ०.३०४७९९६ मीटर, तर आंतरराष्ट्रीय फूट ०.३०४८ मीटर. आपल्या साडेतीन एकरांत यामुळे पडणारा फरक वहीच्या एका पानाहूनही लहान आहे. मात्र लांबच्या आरंभबिंदूपासून अंतरे मोजणाऱ्या नकाशांत असा फरक साचत जातो. अमेरिकेत 'सर्वेक्षण फूट' आणि आंतरराष्ट्रीय फूट यांत दहा लाखांत दोन भागांचा फरक होता. ५०० किलोमीटरांवर तो एक मीटर होतो. तिथे २०२२ च्या अखेरीस सर्वेक्षण फूट निवृत्त केला गेला, पण जुने नकाशे वाचण्यासाठी त्याची किंमत जपून ठेवली आहे. आपण घ्यावा असा धडा हाच.

म्हणून आमचा आग्रह असा. जमिनीच्या कोणत्याही आज्ञावलीत मूळ आकडा मूळ एककासह कायम राहावा. एकर आणि गुंठे यांसाठी दोन वेगळ्या चौकटी असाव्यात आणि गुंठ्यांच्या चौकटीने ४० किंवा त्याहून मोठा आकडा नाकारावा. रूपांतर नेहमी मूळ आकड्यावरून एकदाच व्हावे, रूपांतरिताचे पुन्हा रूपांतर नको. आणि वाटण्यांची बेरीज एकूण क्षेत्राशी जुळल्याखेरीज नोंद पक्की होऊ नये.

१५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाईलवर पिकाचे क्षेत्र भरू लागला. काही घरांत हे काम शाळेत जाणाऱ्या मुलांवर येते. तेव्हा शिक्षकांनी एक तास यासाठी द्यावा. मैदानावर दोरीने ३३ फुटांचा चौरस आखावा, शेजारी १० मीटरचा आखावा, आणि दोन्हींतला फरक मुलांना मोजपट्टीने मोजू द्यावा. मग फळ्यावर ३-२० लिहून विचारावे, "हे किती हेक्टर?" उत्तरे किती प्रकारची येतात, ते पाहण्यासारखे असेल.