एका वाक्याचं रसग्रहण

शाळेत मराठीच्या पेपरात ‘खालील कवितेचे रसग्रहण करा’ असा एक प्रश्न हमखास असे आणि त्यात मला दहापैकी तीनच्या वर कधी मिळाले नाहीत. कवितेतला रस कवीला ठाऊक नि आमच्या मास्तरांना ठाऊक. मधल्या मधे मी कोरडाच राहायचो. पुढे बँकेत छत्तीस वर्षं लोकांच्या पासबुकांचं रसग्रहण केलं. आता निवृत्तीनंतर ती जुनी हौस पुन्हा वर आली आहे. कविता मला अजूनही झेपत नाही, म्हणून मी रसग्रहणाला एक वाक्य घेतलं आहे. दोनच शब्दांचं. ‘बारीक झालीस!’

यात कसला आलाय रस, असं तुम्ही म्हणाल. पण गेल्या साठ वर्षांत या वाक्याच्या तीन आवृत्त्या मी ह्या कानांनी ऐकल्या आहेत. अक्षरं तीच, अर्थ दर वेळी निराळा. असं भाग्य आमच्या पाठ्यपुस्तकातल्या एकाही कवितेला लाभलं नाही.

पहिली आवृत्ती गिरगावातल्या आमच्या चाळीतली. लग्न झालेली मुलगी पहिल्या दिवाळसणाला माहेरी यायची. जिन्याच्या तोंडाशी तिची आई तिला आपादमस्तक न्याहाळायची आणि पदर डोळ्याला लावून म्हणायची, ‘बारीक झालीस गं!’ हे वाक्य मुलीला उद्देशून नसायचं. ते सासरविरुद्ध दाखल केलेलं आरोपपत्र असायचं, आणि मागे ट्रंक घेऊन उभा असलेला जावई मान खाली घालून ते स्वीकारायचा. उलट पोरगी जरा गोलमटोल होऊन आली, की ‘लग्न मानवलं हो!’ म्हणून सगळा मजला खूश. तब्येत सुधारली म्हणजे वजन वाढलं, याबद्दल तेव्हा कुणाच्या मनात शंका नव्हती. रेशनवर लाल मिलो मिळण्याच्या त्या दिवसांत अंगावरचं मांस ही माणसाची उघड्यावर ठेवलेली शिल्लक होती. ज्याचं पोट सुटलेलं, त्याला दुकानदार उधार द्यायचा.

दुसरी आवृत्ती कधी निघाली ते नेमकं सांगता येत नाही. डोंबिवलीला ब्लॉकमध्ये राहायला आलो तेव्हा ती निघालेली होती, एवढं खरं. हळदीकुंकवात एक बाई दुसरीला म्हणाली, ‘अय्या, बारीक झालीस!’ मी मनात म्हटलं, आता ही रडणार. तर ती लाजली! ‘कसलं गं, दोनच किलो,’ म्हणाली, आणि हातातला लाडू तिनं ताटलीत परत ठेवला. सासरवरचं आरोपपत्र रातोरात मानपत्र झालं होतं. मग काय, गरम पाण्यात लिंबू-मध आला, दुधीचा रस आला, सकाळी उठून तरातरा चालणं आलं. २०१८-१९च्या सुमाराला तर शैव-वैष्णवांसारखे दोन पंथच पडले. डॉक्टर जगन्नाथ दीक्षित म्हणत, दिवसातून दोनदाच जेवा आणि पंचावन्न मिनिटांत उठा. ऋजुता दिवेकर म्हणत, थोडं थोडं खा पण वेळेवर खात राहा. आमच्या घरी बायको दीक्षितपंथी आणि मुलगी दिवेकरपंथी. दोघींचा स्वयंपाक वेगळा आणि दोघींचं उरलेलं संपवायला मी. त्या वर्षात दोघींचं मिळून जेवढं उतरलं, तेवढं जसंच्या तसं माझ्या खात्यावर जमा झालं.

आणि आता ही तिसरी आवृत्ती. हिच्यात शब्द वाढले आहेत आणि आवाज उतरला आहे. ‘बारीक झालीस...’ मग एक पॉज. मग अगदी कानाशी येऊन, मुलाला नोकरी कितीला लागली असं विचारावं तसं, ‘इंजेक्शन का?’

हे वाक्य मी प्रथम ऐकलं ते ताईच्या बाबतीत. ताई माझी थोरली बहीण. वय एकाहत्तर, डायबेटिस वीस वर्षांचा, गुडघे दोन्ही कामातून गेलेले. २०२५च्या मार्चमध्ये टिर्झेपटाइड नावाचं, आठवड्याला एकदा टोचायचं औषध आपल्याकडे आलं आणि तिच्या डॉक्टरांनी एप्रिलपासून तिला ते सुरू केलं. सुरुवातीची कुपी साडेतीन हजारांना, पुढची चार हजार तीनशे पंचाहत्तरला. ‘दर रविवारी एक सिल्कची साडी पोटात टोचून घेते मी,’ असं ताई म्हणायची. (नंतर मार्च २०२६ मध्ये याच कुळातल्या सेमाग्लुटाइडच्या पेटंटची मुदत आपल्याकडे संपली आणि देशी कंपन्यांची स्वस्त इंजेक्शनं आली. सिल्कवरून गोष्ट सुतीवर येऊ घातली आहे.)

हे प्रकरण आहे तरी काय, म्हणून मी जरा चौकशी केली. बँकेतला माणूस, व्याजाचा दर विचारल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. आपण जेवलो की आतड्यातून एक रस सुटतो. त्याचं नाव जीएलपी-वन. तो इन्शुलिनला जागं करतो, जठराला ‘सावकाश रे’ म्हणतो आणि मेंदूला निरोप देतो की, पुरे आता. पण हा निरोप्या अल्पायुषी. दोनचार मिनिटांत रक्तातच त्याचा निकाल लागतो. म्हणजे तार घेऊन निघालेला शिपाई जिन्यातच गतप्राण व्हावा तसं. इंजेक्शनातला निरोप्या त्याचाच तोतया, पण चिवट. आठवडाभर दारात उभा राहून ‘पुरे, पुरे’ म्हणत असतो. ताईच्या औषधात तर असे दोन निरोपे एकात एक आहेत म्हणे.

या शोधात एका सरड्याचाही हात आहे. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा एक विषारी सरडा असतो, आपल्या घोरपडीच्या लांबच्या नात्यातला. स्वारी वर्षातून थोड्याच वेळा जेवते, पण तब्येत उत्तम. न्यूयॉर्कच्या डॉक्टर जॉन एंग यांना १९९२ मध्ये त्याच्या विषात या निरोप्यासारखाच, पण टिकाऊ असा एक पदार्थ सापडला. त्यावरून २००५ मध्ये या जातीचं पहिलं औषध डायबेटिससाठी बाजारात आलं आणि पुढची वाट मोकळी झाली. घोरपडीच्या कमरेला दोर लावून सिंहगड चढल्याची गोष्ट ऐकत मोठे झालेले आपण. वजनाचा कडा उतरायलाही तिचाच कुणीतरी चुलतभाऊ यावा, याचं मला फार बरं वाटलं.

व्याजाचा दरही सांगून टाकतो. सेमाग्लुटाइडची मोठी चाचणी २०२१ मध्ये छापून आली. अडुसष्ट आठवड्यांत सरासरी पंधरा टक्के वजन उतरलं. पुढच्याच वर्षी दुसरा हिशेब आला: इंजेक्शन थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यातलं दोनतृतीयांश परत चढलं. म्हणजे हे कर्ज फेडून मोकळं व्हायचं काम नव्हे, हप्ता चालू ठेवायचा. शिवाय मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ. ताईचे पहिले दोन महिने मोरीपाशी गेले. चरबीबरोबर स्नायूही झिजतात, म्हणून डॉक्टर तिला ‘मुगाची धिरडी खा, पनीर खा’ म्हणून दटावतात. ताईला खाण्यावरून कुणीतरी ‘खा’ म्हणून दटावण्याची ही जन्मातली पहिलीच वेळ. आमच्याच विंगेतली एक मुलगी लग्नाचे फोटो बरे यावेत म्हणून, मुळात किडकिडीत असताना, कुणाच्या तरी ओळखीनं हेच टोचून घेते आहे. तिला मात्र गिला मॉन्स्टरच्या समोर नेऊन बसवावं असं मला वाटतं.

पण लोकांचा राग तिच्यावर नाही, ताईवर आहे! ‘असं काय हो, सुया टोचून कुणीही होईल बारीक. स्वतः कष्ट केले असते तर गोष्ट वेगळी.’ हे म्हणणारे गृहस्थ गेली पंधरा वर्षं रोज सकाळी ब्लडप्रेशरची गोळी घेतात. मनोनिग्रहानं ब्लडप्रेशर उतरवा, असं त्यांना कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. रागाचं खरं कारण वेगळंच असावं. जाड माणूस ही सार्वजनिक मालमत्ता होती. येत्याजात्या कुणीही थांबावं आणि ‘भात बंद करा’ म्हणून पुढे जावं. आता ते गिऱ्हाईकच गेलं. सल्ल्याचं एवढं मोठं दुकान बंद पडत असेल, तर मालक चिडणारच.

इथे रसग्रहणाचा उत्तरार्ध सुरू होतो, कारण दुकान दोन होती. एक सल्ल्याचं आणि दुसरं विनोदाचं. स्थूल माणसाची एंट्री झाली की खुर्ची मोडायची, हा आमच्या गणेशोत्सवातल्या नाटकांचा ठरलेला विनोद. सिनेमात टुनटुन नुसती पडद्यावर आली की थेटर हसायचं. ही बाई मुळात गायिका. उमादेवी या नावानं १९४७च्या ‘दर्द’मध्ये तिनं गायलेली गाणी लोकांच्या तोंडी होती, हे मला फार उशिरा कळलं. गळा मागे पडला आणि अंग पुढे आलं. या विनोदाचा पाया एकच: जाड म्हणजे खादाड, खादाड म्हणजे आळशी, आणि आळशी माणसाला हसायला परवाना लागत नाही. आता त्या पायाखालूनच एका सरड्यानं वीट काढून घेतली. भूक हा स्वभाव नसून बऱ्याच अंशी निरोप्याचा घोटाळा असेल, तर आपण इतकी वर्षं हसत होतो ते कशाला? पांगळ्याच्या चालीला हसल्यासारखंच झालं की ते.

मला हा प्रश्न जरा जास्त टोचतो. चाळीत ताईचं नाव टुनटुन होतं, आणि ते मी ठेवलं होतं.

हे सगळं मनात असताना २०२५च्या गणपतीत सोसायटीचे सेक्रेटरी आले. ‘काका, दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे तुमचा ‘उपास’.’ पु. ल. देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधला (पुस्तक १९५८चं) हा लेख मी गेली बारा वर्षं आमच्या मंडपात वाचून दाखवतो. वजन उतरवायचा संकल्प, मग चाळकऱ्यांचे सल्ले आणि मग संकल्पाचं व्हायचं ते. या वेळी मी टाळाटाळ केली. ताई हल्ली आमच्याकडेच होती. तिच्यासमोर वजनावरचा विनोद वाचायला जीभ रेटेना. शेवटी रात्री तिलाच विचारलं.

ताई म्हणाली, ‘वाच की. त्यात त्यांनी दुसऱ्या कुणाला टुनटुन म्हटलंय का?’

मी गप्प.

‘ते नाव तू ठेवलं होतंस ना? माहीत होतं मला. मला बघायला यायचे तेव्हा मी पोह्यांना हात लावत नसे, आठवतं? पुढेही सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभी राहून खायची. लोकांना वाटायचं, ही चोरून खाते. चोरूनच खात होते रे. पण तुला सांगू का, दिवसभर डोक्यात कुणीतरी हाका मारत असायचं. डब्यात काय आहे, दुपारचं काय उरलंय. देवापुढे बसले तरी हाका. मला वाटायचं सगळ्यांनाच ऐकू येतात, आणि बाकीचे माझ्यापेक्षा चांगले म्हणून जात नाहीत. एप्रिलात तिसऱ्या रविवारनंतर एका सकाळी उठले, तर शांत. एकदम शांत. मी पहिल्यांदा घाबरलेच. म्हटलं, कान गेले की काय.’

मी पुस्तक घेऊन पुन्हा वाचत बसलो, आणि बारा वर्षांत जे दिसलं नव्हतं ते मला त्या रात्री दिसलं. या लेखात खुर्ची मोडत नाही. लेखक हसतो तो स्वतःच्या संकल्पाला, आणि आपल्याला हसवतो ते त्या सल्लागारांच्या फौजेवर. प्रत्येकाचं पथ्य निराळं आणि प्रत्येकाची खात्री मात्र सारखीच. वजन हे नुसतं निमित्त. उद्या इंजेक्शन दोन रुपयांना मिळू लागलं तरी त्या लेखाचं काही बिघडायचं नाही, कारण सल्ला देण्याची खाज घालवणारं इंजेक्शन अजून कुठल्या सरड्यात सापडलेलं नाही. थोडी कुरकुर माझीही आहे. पोटभर खाणं ही गंमत आणि कमी खाणं ही फजिती, एवढ्यावर त्या काळच्या सगळ्याच विनोदानं भागवलं. हाका ऐकणाऱ्या माणसाच्या बाजूनं कुणी लिहिलं नाही. पण ती तक्रार एकट्या ‘उपास’कडे नेणं बरोबर नाही. ती चाळीतल्या आम्हा सगळ्या पोरांच्या नावावर लावायला हवी.

वाचन झालं. ताई दुसऱ्या रांगेत बसली होती आणि मी पानापेक्षा तिच्याकडेच जास्त पाहत होतो. सल्लागार एकामागून एक यायला लागले तशी ती इतकी हसली की शेजारणीनं तिला पाणी दिलं.

नंतर अल्पोपाहार होता. बटाटेवडे, कागदी बशीत दोन दोन. ताईनं बशी घेतली आणि मंडपाच्या अगदी मधोमध, पंख्याखालच्या खुर्चीवर बसून सगळ्यांदेखत सावकाश एक वडा खाल्ला. चारचौघांत बसून खाताना तिला मी प्रथमच पाहत होतो. मग बशी माझ्यापुढे धरून म्हणाली, ‘मला बास झाला. हा तू घे.’

मी इकडेतिकडे पाहिलं. त्या ब्लडप्रेशरच्या गोळीवाल्या गृहस्थांची नजर माझ्या पोटावर होती आणि ओठ हलू लागले होते. ‘काका, तळलेलं...’ एवढं त्यांच्या तोंडून निघतंय तोवर वडा माझ्या तोंडात होता.