मोहोर, भुरी आणि आमचें निसर्गवाङ्मय

पौषाच्या अखेरीस देवगडच्या कातळावरील कलमें मोहरूं लागलीं, कीं आमच्या लेखकांच्या लेखण्यांनाही मोहोर येतो. त्या गंधाचें, त्या तांबूस-पिवळ्या तुऱ्यांचें आणि खालीं पसरलेल्या समुद्राचें वर्णन मराठींत इतकें झालें आहे, कीं देवगड न पाहिलेला वाचकही तें तोंडपाठ म्हणून दाखवील. परंतु थंड रात्रीमागून ढगाळ सकाळ आली म्हणजे त्याच तुऱ्यांवर पीठ शिंपडल्यासारखी जी पांढरी भुरी चढते, तिचा उल्लेख या वर्णनांत आम्हांस क्वचितच आढळतो. हा केवळ तपशिलाचा विसर असता, तर आम्ही लेखणी उचलली नसती. आमच्या मतें तो दृष्टीचा दोष आहे, आणि त्याचे परिणाम पुस्तकाबाहेरही होत आहेत.

दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'नें (१९५६) सृष्टि महिन्यामहिन्यानें निरखण्याची रीत मराठी गद्यांत रुजविली, हें आम्ही कृतज्ञतेनें मान्य करतों. पण त्या वाटेनें पुढें जाणाऱ्या पुष्कळांनीं फूल तेवढें उचललें आणि पान करपलेलें दिसतांच मान फिरविली. दुसऱ्या बाजूस आहेत शेतकीचीं पत्रकें. त्यांत रोग म्हणजे 'शत्रु', औषध म्हणजे 'अस्त्र' आणि उद्दिष्ट म्हणजे 'नायनाट'. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्या बागायतदारानें फवारणीची भाषा बोलावी, हें आम्ही समजूं शकतों. परंतु लेखकाचें मौन आणि पत्रकाची युद्धभाषा या दोहोंच्या मुळाशीं समजूत एकच आहे: रोग म्हणजे सृष्टींत बाहेरून शिरलेला कोणी परका.

वस्तुस्थिति तशी नाहीं. करप्याचेंच उदाहरण घ्या. या बुरशीचें बीज कोंवळ्या कैरीवर पडतें, रुजतें, सालींत किंचित् शिरतें आणि तेथेंच थबकतें. कारण कच्च्या आंब्याच्या सालींत रेसॉर्सिनॉल वर्गाचीं बुरशीनाशक द्रव्यें असतात. फळ पिकूं लागलें कीं तीं ओसरतात, आणि आढींतल्या आंब्यावर काळे डाग उमटतात. फळाचें हें कुलूप आणि बुरशीचें हें दबा धरून बसणें एका दिवसांत घडलेलें नव्हे. रानांतील असंख्य पिढ्यांत जें झाड टिकलें त्याचें बीज पुढें गेलें, आणि जी बुरशी थांबून राहिली तिचा वंश वाढला.

अमेरिकेंत हॅरोल्ड फ्लॉर यांनीं १९४० च्या दशकांत जवस आणि तिचा तांबेरा यांवर प्रयोग करून दाखविलें, कीं वनस्पतीच्या प्रतिकारक जनुकास रोगाच्या बाजूस एक जोडीदार जनुक असतें. पुढें भारताचे नागरिक होऊन १९६४ सालीं भुवनेश्वर येथें निवर्तलेले जे. बी. एस. हाल्डेन यांनीं १९४९ सालीं असें प्रतिपादिलें, कीं रोगराईच्या जगांत विरळा असणें हाच लाभ आहे. बहुसंख्यांच्या कुलुपाची किल्ली रोग आधीं घडवितो. ऑस्ट्रेलियांतील रानजवसाच्या पाहणींतही असें दिसलें, कीं जेथें झाडांचा प्रतिकार अधिक, तेथें तो भेदणारा तांबेरा अधिक. मात्र त्या सामर्थ्याची किंमत त्यास बीज कमी निर्माण करून द्यावी लागते.

कोंकणी वाचकांस हें समजावयास इतकें दूर जाण्याचें कारण नाहीं. ही भाऊबंदकी आहे. दोघे एकाच घरांत राहतात. एक अर्ज करतो, दुसरा उत्तर देतो. दावा संपत नाहीं, पण पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या त्या दाव्यानें दोन्हीं घराणीं तरबेज होतात. म्हणूनच 'सृष्टीचा समतोल' हा अलीकडे फार आवडता झालेला शब्दही आम्हांस अपुरा वाटतो. तेथें समेट नाहीं. आहे ती नेहमीं पुढची तारीख.

हापुसाच्या कलमानें हा दावा एकतर्फी केला. हापुसाच्या कोयीपासून हापूस येत नाहीं, म्हणून पोर्तुगीजांच्या काळापासून तो कलमानेंच वाढविला गेला. देवगडच्या बागा म्हणजे बहुतांशीं एकाच वृक्षाचा विस्तारलेला देह होय. बुरशी मात्र एका हंगामांत अनेक पिढ्या ओलांडते. एका पक्षाचें म्हणणें जुन्या कागदावर गोठलेलें, दुसरा रोज नवा मुद्दा काढतो. मग फवाऱ्याचा पंप हाच आमचा वकील होतो. १८४५ सालीं आयर्लंडांत करप्यानें बटाट्याचें पीक बुडालें, तेव्हां तेथील गरिबांचा भार मुख्यतः एकाच जातीवर होता, हें विसरून चालणार नाहीं.

हापूस नको, असें आमचें म्हणणें नाहीं. २०१८ सालीं त्यास भौगोलिक मानांकन मिळालें, याचा आनंद आम्हांसही आहे. पण कोयकलमाच्या सांध्याखालचें मूळ रायवळाचें असतें, हें बागायतदारास ठाऊक आहे, लेखकास असावें. रायवळ हा शुद्ध रानचा नव्हे, तरी तो कोयीपासून येतो. म्हणून प्रत्येक झाड निराळें, एक आंबट तर दुसरें गोड, आणि एकाच पावसांत दोघांची पानें सारखीं करपत नाहींत. आमच्या बाजूचा नवा मुद्दा निघाला तर तो अशाच झाडांतून निघेल. आणि नेमका हाच रायवळ आज फळ्यांसाठीं, सरपणासाठीं किंवा नव्या कलमांस जागा म्हणून तोडला जात आहे. 'रोगट, निरुपयोगी' एवढा शेरा त्यास पुरतो. आणि तो शेरा आमच्याच भाषेनें पुरविला आहे.

म्हणून आमच्या लेखकांस एवढीच विनंति, कीं पुढील मोहोराचें वर्णन करतांना भुरी वगळूं नये आणि डागळलेलें पान ओलांडून पुढें जाऊं नये. ज्या झाडास वाङ्मयांत जागा नाहीं, त्यावर कुऱ्हाड पडतांना कोणास हळहळही वाटत नाहीं.