भिंतीवरचा शहाणा डबा

या मालेत आजवर आपण पुस्तकांबद्दल बोललो, नाटकांबद्दल बोललो. आज आम्ही एका वस्तूची समीक्षा करणार आहोत. हसू नका. पुस्तक वाईट निघालं तर दोनशे रुपये आणि दोन संध्याकाळी वाया जातात. घरातली वस्तू वाईट निघाली तर तिच्यासोबत दहा वर्षं राहावं लागतं.

वस्तू आहे स्मार्ट थर्मोस्टॅट. आपल्याकडे एसी म्हणजे खोलीतलं एक यंत्र आणि त्याचा रिमोट. अमेरिकेत बहुतेक घरांत अख्ख्या घराला मिळून एक यंत्रणा असते. माळ्यावर किंवा कपाटात थंड कॉइल आणि पंखा, बाहेर अंगणात कंप्रेसर, आणि हॉलच्या भिंतीवर हा तळहाताएवढा डबा. फोनवरून चालतो, आपल्या सवयी शिकतो, घरात कुणी नाही हे ओळखतो.

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं मुलाकडे ह्यूस्टनला होतो. एका संध्याकाळी घर नीट गार होईना, म्हणून आम्ही आकडा 25 वरून 20 वर आणला. दुसऱ्या दिवशी दुपारी डब्याचा पडदा काळा. मुलगा, सून ऑफिसात. बाहेर 37 अंश आणि समुद्रकाठची दमट हवा. मुलाला फोन केला, तर तो म्हणाला, "बाबा, ॲपवर ऑफलाइन दाखवतंय. वायफाय बंद करून चालू करा." केलं. मग राउटर. मग पुन्हा वायफाय. दोन तास गेले आणि घर 31 वर पोचलं. आमच्या सौ.ने तेवढ्यात एकच प्रश्न विचारला होता : "याचं पाणी कुठं जातं?" आम्ही म्हटलं, तू थांब जरा, हा सॉफ्टवेअरचा प्रश्न आहे.

संध्याकाळी मेकॅनिक आला. त्याने भिंतीकडे पाहिलंसुद्धा नाही, सरळ माळ्यावर चढला. कॉइलखालचा ट्रे काठोकाठ भरला होता. ड्रेन पाइप शेवाळानं तुंबलेला. ट्रेमध्ये एक फ्लोट असतो, आपल्या टाकीतल्या बॉलकॉकच्या जातीचा. पाणी चढलं की तो वर येतो आणि वीज तोडतो, म्हणजे छतातून पाणी गळत नाही. त्या घरात तो थर्मोस्टॅटला जाणारी 24 व्होल्टची वीजच तोडत होता. पाइप साफ झाला, फ्लोट खाली बसला, पडदा उजळला. डबा ठणठणीत होता!

आता यात आमचा वाटा बघा. आकडा खाली नेला म्हणून घर लवकर गार होत नाही. त्या घरातल्यासारखा साधा कंप्रेसर एक तर चालू असतो नाही तर बंद, मधलं काही नसतं. आकडा फक्त कुठं थांबायचं ते सांगतो. थर्मोस्टॅटला लोक नळासारखं समजतात, जास्त फिरवला की जास्त येईल असं, हे विलेट केम्प्टन यांनी 1986 मध्ये मांडलं आणि डोनाल्ड नॉर्मन यांनी 1988 च्या आपल्या पुस्तकात ते सर्वदूर नेलं. आम्ही हे वाचलेलं आहे. तरीही 20 केलं. कंप्रेसर रात्रभर चालला, रात्रभर पाणी ठिबकलं आणि तुंबलेल्या पाइपमुळे ट्रे भरला. बिघाड पाइपचा होता, पण तो दुसऱ्याच दिवशी दुपारी गाठीला आला तो आमच्या शहाणपणामुळे.

सौ.चा प्रश्न बरोबर का होता? आम्ही नागपूरचे. कूलर पाणी पितो, एसी पाणी ओकतो, हे तिला पाठ आहे. विलिस कॅरियर यांनी 1902 मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, ती मुळात हवेतली आर्द्रता आवरण्यासाठीच होती. पाणी काढणं हे एसीचं अर्धं काम आहे. मग भिंतीवरचा शहाणा डबा त्याबद्दल अवाक्षर का काढत नाही?

आमचा पहिला आक्षेप इथं आहे. थर्मोस्टॅट हा मुळात एक स्विच. विस्कॉन्सिनमधल्या वॉरेन जॉन्सन या शिक्षकाने 1883 मध्ये विजेवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटचं पेटंट घेतलं. तिथपासून त्याचं काम एकच, मागणी करणं : गार हवंय, आता पुरे. गार करणारा वेगळाच. 1953 मध्ये हनीवेलने हेन्री ड्रायफस यांच्या आखणीचा गोल थर्मोस्टॅट आणला. त्यावर दोन गोष्टी दिसत : तुम्ही किती मागितलं आणि घरात किती आहे. मागणी आणि वस्तुस्थिती. त्याला स्वतःला वीज लागत नव्हती. आत धातूची गुंडाळी आणि पाऱ्याची काचनळी. पारा विषारी, तो गेला ते बरंच झालं. तुंबलेला पाइप त्या गोल तबकडीनेही ओळखला नसता. पण ती 25 आणि 31 दाखवत राहिली असती आणि आम्ही म्हटलं असतं, हा बिचारा मागतोय, वर कुणी ऐकत नाही. आम्ही वर गेलो असतो.

नव्या डब्याने स्वतःला यंत्रणेचा चेहरा करून घेतलं. तो गप्प झाला की अख्खं घर मेल्यासारखं वाटतं. काही घरांत फ्लोट सगळी वीज न तोडता फक्त कंप्रेसरची तार तोडतो. तिथं तर डबा 'कूलिंग चालू' असं दाखवत राहतो आणि घर तापत जातं. एका घरात मौन, दुसऱ्यात थाप.

दुसरा आक्षेप : तो बोलतो कुणाशी? ज्याच्या फोनमध्ये ॲप आहे त्याच्याशी. घरात आम्ही, पासवर्ड ऑफिसात. आज परदेशी मुलांकडे सहा-सहा महिने जाणारे आईवडील कमी नाहीत. भर दुपारी घरात तेच असतात. जी वस्तू घरात हजर असलेल्या माणसाला ओळखत नाही, तिला 'घर शिकणारी' म्हणायचं का?

तिसरा आक्षेप निष्ठेचा. 2011 मध्ये नेस्ट आला, तो टोनी फॅडेल आणि मॅट रॉजर्स यांच्या कंपनीचा. 2014 मध्ये गूगलने ती कंपनी 3.2 अब्ज डॉलरला घेतली. ऑक्टोबर 2025 मध्ये पहिल्या दोन पिढ्यांचे डबे ॲपमधून काढून टाकले गेले. भिंतीवर हाताने चालतात, पण ज्यासाठी पैसे मोजले तो शहाणपणा गेला. 1953 चा गोल थर्मोस्टॅट कुणी असा दुरून निवृत्त करू शकत नव्हतं.

त्याहून गंभीर गोष्ट कोलोरॅडोतली. ऑगस्ट 2022 मध्ये विजेचा ताण आला तेव्हा तिथल्या वीज कंपनीच्या सुमारे 22,000 ग्राहकांना आपल्याच घरातला आकडा काही तास बदलता येईना. सवलतीच्या बदल्यात त्यांनी आधी संमती दिली होती, हे खरं. वीज वाचवायला आमचा विरोध नाही. आपल्याकडे 1 जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या खोली-एसींना 24 अंशांची मूळ मांडणी सक्तीची झाली. पण ती रिमोटच्या एका बटणाने बदलता येते. सुचवणं आणि कुलूप लावणं यात फरक आहे. आजारी माणूस घरात असेल तर तो फरक फार मोठा आहे.

समीक्षकाने गुणही सांगावेत. नुसते प्रोग्रॅम करता येणारे जुने थर्मोस्टॅट इतके किचकट होते की लोक त्यांना हात लावेनात. अपेक्षित बचत दिसेना म्हणून अमेरिकेच्या एनर्जी स्टार योजनेने 2009 च्या अखेरीस त्यांची मान्यता थांबवली. नव्या डब्याने ती किचकट कामं खरोखर सोपी केली. रिकामं घर गार ठेवण्याची उधळपट्टी तो थांबवतो. हे श्रेय त्याचंच.

पण चांगल्या वस्तूची आमची कसोटी वेगळी आहे. ती चालू असताना किती हुशार दिसते ते आम्ही बघत नाही. बंद पडल्यावर ती आपल्याला योग्य दिशेला पाठवते का, हे बघतो. कूलरची टाकी संपली की पंपाचा आवाज बदलतो, माणूस बरोबर टाकीकडे जातो. कूलरचं कौतुक म्हणून हे सांगत नाही. दमट जुलैत तो काही कामाचा नाही, हे नागपूरकराला कुणी सांगायला नको. त्याचा बिघाड मात्र कळतो.

मेकॅनिकने जाताना जे सांगितलं ते सौ.ने मराठीत कागदावर उतरवलं. तो कागद त्या घरात डब्याच्या खालीच चिकटवलेला आहे. आधी फिल्टर बघा, मळला असेल तर हवा अडते आणि कॉइलवर बर्फ धरतो. बर्फ असेल तर कूलिंग बंद, नुसता पंखा चालू ठेवा, वितळू द्या. मग मीटरजवळचा ब्रेकर. मग ट्रेमधलं पाणी. मग बाहेरचं यंत्र फिरतंय का, पण वीज आल्याबरोबर घाई नको, पाचेक मिनिटं ते मुद्दाम थांबतं. सगळं ठीक असेल तर जाळीतून येणारी हवा खोलीतल्या हवेपेक्षा आठ ते अकरा अंश गार लागते. आणि तारांना हात लावायचा नाही, तिथं माणूस बोलवायचा.

या यादीत भिंतीवरच्या डब्याचं नाव सगळ्यात शेवटी आहे, आणि वायफायचं नावच नाही. डब्याच्या पुढच्या आवृत्तीत कंपनीने एवढीच यादी पडद्यावर टाकली, घरातल्या कुणालाही वाचता येईल अशी, तर आम्ही आमचे निम्मे आक्षेप मागे घेऊ. उरलेले निम्मे कुलुपाबद्दलचे आहेत. ते राहतील.

प्रश्न असतील तर विचारा. एसीचे असतील तर सौ. पहिल्या रांगेत बसल्या आहेत.