नियमाचा अर्थ लावायचा कोणी?

आता या कम्प्लायन्सवाल्या सल्लागारांकडे येऊ. मागच्या व्याख्यानानंतर त्यांच्यातल्याच एकाने मला विचारलं, “सर, नियामकानेच अर्थ सांगितल्यावर आम्ही वेगळं काय सांगणार?” प्रश्न प्रामाणिक होता. पण ज्याला दंड करायचा अधिकार, त्याचंच वाचन बरोबर, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

नेदरलँड्सच्या टेनिस महासंघाचं प्रकरण घ्या. २०१८ मध्ये महासंघाने सभासदांची माहिती पैसे घेऊन दोन प्रायोजकांना दिली. एक खेळाचं साहित्य विकणारा, दुसरा चक्क सोडत-जुगारवाला! तिथल्या नियामकाने ५ लाख २५ हजार युरोंचा दंड केला. युरोपच्या जीडीपीआरमध्ये, कलम ६ मध्ये, ‘वैध हितसंबंध’ असेल तर संमतीवाचूनही माहिती वापरता येते. नियामक म्हणाला, ते हित कायद्याने मान्य केलेलं हवं. निव्वळ पैशाचं हित चालणार नाही. लक्झेंबर्गच्या न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२४ रोजी हे वाचन नाकारलं. हित कायद्यात लिहिलेलं नसलं तरी चालेल, कायद्याच्या विरुद्ध नसावं एवढंच.

म्हणजे धंदेवाले जिंकले? इथेच उतावळा वाचक फसतो. हित असणं ही नुसती पहिली पायरी. माहिती देणं खरोखर आवश्यक होतं का? सभासदांना आधी विचारता आलं नसतं का? टेनिस खेळायला नाव नोंदवणाऱ्याला आपला पत्ता जुगारवाल्याकडे जाईल असं वाटलं असेल का? निकालाची पहिली ओळ वाचून अशिलाला “चालतंय” म्हणणारा आणि नियामकाचं पत्रक तेवढं पुढे सरकवणारा, दोघंही निष्कर्ष देतात, कारण देत नाहीत.

आपल्या मीमांसकांनी यावर फार बारकाईने विचार केलाय. कुठलं अंग कुठल्या कर्माला जोडायचं हे ठरवायला जैमिनीने सहा प्रमाणं दिली: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. विरोध आला तर आधीचं बलवान. समाख्या म्हणजे नाव, ते सगळ्यांत दुबळं. (व्हिजिटिंग कार्डावरचं ‘सर्टिफाइड’ हीसुद्धा समाख्याच म्हणायची!)

आपल्या २०२३ च्या कायद्यात कलम ७ च्या मथळ्यातही तोच ‘लेजिटिमेट’ शब्द आहे. तेवढ्यावरून युरोपचा तक्ता उचलून इथे चिकटवणारे मी पाहिलेत. अहो, मजकूर तर वाचा! तिथे ठरावीक प्रसंगांची यादी आहे: विशिष्ट कामासाठी स्वतःहून दिलेली माहिती, सरकारी लाभ, वैद्यकीय आणीबाणी, नोकरीसंबंधी कामं वगैरे. दोन्ही बाजूंची हितं तोलून पाहायची मोकळी जागा तिथे नाही.

समजा, एखाद्या क्लासने पालकांचे नंबर न विचारता कर्ज विकणाऱ्याला दिले. युरोपात निदान तोलायचा प्रश्न तरी येईल. इथे ते कलम ७ च्या कुठल्या खणात बसतं, हे सल्लागाराने मला दाखवावं. मला तरी तो खण सापडलेला नाही.