यंत्रमार्गिकेखालील पत्री : एका प्रचलित दंडकाची चिकित्सा

यंत्राच्या मार्गिका समपातळीत व परस्परांशी समांतर बसविताना त्यांखाली ज्या पातळ पत्र्या घालाव्या लागतात, त्यांना कारखान्यात कोणी शिम म्हणतात, कोणी पॅकिंग. पत्री पोलादाचीच असावी, पितळेची नसावी, असा दंडक पुष्कळदा सांगितला जातो. पितळ अधिक प्रसरण पावते आणि ते मऊ असते, ही दोन कारणे त्यास पुरेशी मानली जातात. ती कसोटीस उतरतात काय, हे पाहिले पाहिजे.

१ मि.मी. जाडीची पितळी पत्री तापमान २० अंश सेल्सिअसने वाढल्यास सुमारे ०.०००३८ मि.मी. जाड होते, पोलादी सुमारे ०.०००२३ मि.मी. चौरस मि.मी.स १० न्यूटन दाबाखाली तीच पितळी पत्री सुमारे ०.०००१ मि.मी. दबते, पोलादी त्याच्या निम्मी. मीटरला ०.०२ मि.मी.चा फरक दाखविणाऱ्या पातळीवर साधलेल्या कामात या राशी नगण्य होत. म्हणजे दंडकाचा आधारच डळमळीत ठरतो.

खरा दोष धातूत नसून सांध्यात असतो. पाच पत्र्यांच्या थरात संपर्कपृष्ठे सहा होतात. त्यांतील तेल, कीस व उंचवटे यांमुळे सांधा लवचिक होतो. कात्रीने कापलेल्या पत्रीच्या कडेस राहिलेला काठ घासून काढला नाही, तर मार्गिका त्या काठावर टेकते व बोल्ट आवळताच पिळते. म्हणून आवश्यक जाडीची एकच सपाट पत्री ही पहिली अट होय. कागद ओलावा शोषतो, म्हणून तो वर्ज्य. साधे पोलाद गंजले, की गंजाचा थर अधिक जागा व्यापून मार्गिका उचलतो. पितळ तसे गंजत नाही. तथापि थंडकारक द्रव झिरपणाऱ्या जागी ते लगतच्या लोखंडाचे क्षरण वाढविते. अशा ठिकाणी गंजरोधक पोलाद श्रेयस्कर.

आज संगणक-व्यवसायाच्या इमारतींनी ओळखल्या जाणाऱ्या खराडीसारख्या मुळा-मुठेच्या काठच्या भागात आणखी एक विचार आवश्यक आहे. यंत्राचा पाया काळ्या मातीवर आला असेल, तर ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. पायाच हलत असता पत्रीचा धातू बदलणे व्यर्थ होय.

श्लेझिंगर यांनी १९२७ मध्ये यंत्रांच्या अचूकतेच्या चाचण्यांना सुसूत्र रूप दिले. आजची आयएसओ २३०-१ ही प्रमाणसंहिताही चाचणीपूर्वी यंत्र उत्पादकाच्या सूचनेनुसार समतल करावयास सांगते. पत्रीच्या निवडीचा विवेक त्यामुळे बसविणाऱ्यावरच येऊन पडतो. दंडक अनेकदा योग्य निष्कर्षास नेतो. परंतु चुकीच्या कारणासह तो शिकलेला विद्यार्थी गंजलेल्या पाच पोलादी पत्र्या निःशंकपणे स्वीकारील आणि स्वच्छ अशी एक पितळी पत्री नाकारील. दंडकाची खरी हानी ती हीच.