बालोटेलीचें अपुरें यश

२८ जून २०१२ रोजीं वॉर्सा येथें युरोपीय फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना झाला. इटलीच्या मारिओ बालोटेलीनें जर्मनीविरुद्ध पूर्वार्धांतच दोन गोल केले, आणि दुसरा होतांच अंगांतील सदरा काढून तो पुतळ्यासारखा निश्चल उभा राहिला. त्या वेळीं तो अवघा २१ वर्षांचा होता. हा तरुण पुढें कोठवर जाईल याचा अजमास त्या रात्रीं कोणासच करवेना. प्रत्यक्षांत तो फारसा पुढें गेलाच नाहीं.

याचें कारण त्याची वृत्ति, असें एका शब्दांत सांगून मोकळें होण्याची वहिवाट आहे. आणि प्रमाण म्हणून २०११ मध्यें त्याच्या घरच्या स्नानगृहांत फटाके उडाल्याची गोष्ट हटकून सांगितली जाते. आम्हांस ही गोष्ट अगदीं निरर्थक वाटते. त्यानंतर लगेचच त्यानें मँचेस्टर युनायटेडविरुद्ध दोन गोल केले व सिटीनें सामना ६-१ असा जिंकला. ज्या खोडीनें खेळ बिघडत नाहीं, ती टीकाकारानें वृत्तपत्रांच्या चुटक्यांकरितां सोडून द्यावी.

त्याचे कैवारी त्याच्या दुःखाकडे बोट दाखवितात, तें मात्र खरें आहे. घानाहून आलेल्या आईबापांच्या पोटीं तो पालेर्मो येथें जन्मला, ब्रेशियाकडील एका इटालियन कुटुंबांत वाढला. पण जन्मभूमीचें नागरिकत्व त्यास १८ वर्षें पुरीं झाल्यावर मिळालें. २००९ मध्यें युव्हेंटसच्या प्रेक्षकांनीं वर्णावरून त्याची अशी विटंबना केली कीं, त्या संघास एक सामना रिकाम्या मैदानावर खेळण्याची शिक्षा झाली. ज्यानें हें सोसलें, तो गोल करूनहि हसत नाहीं म्हणून त्यास उद्धट ठरविणारांस आम्ही अन्यायी म्हणूं. जन्मावरून हिणविलेला मनुष्य कसा अबोल होतो, हें शिकण्यास आपणांस इटलीला जावयास नको.

परंतु जुलै २०११ मधील लॉस एंजेलिसचा प्रसंग या समर्थनांत बसत नाहीं. मैत्रीचा सामना, पुढें केवळ गोलरक्षक, चेंडू सरळ मारला असता तरी पुरें होतें. यानें गिरकी घेऊन टाचेनें मारावयास पाहिला, आणि चेंडू जाळ्याबाहेर गेला. शिक्षक मान्चिनी यांनीं त्यास तत्काळ बाहेर बोलाविलें, तर तो त्यांच्याशींच हुज्जत घालूं लागला. आपण ऑफसाइड आहों असें त्यास वाटलें, अशी सबब मागाहून पुढें आली. ती खरी धरली तरी शिट्टी वाजेपर्यंत खेळावें, हें शाळकरी पोरासहि ठाऊक असतें! सोपें काम सोपेपणानें करणें त्यास कमीपणाचें वाटलें, असेंच आम्हांस दिसतें. असे विद्यार्थी आम्हीं वर्गांत पाहिले आहेत: अवघड प्रश्नावर ते झडप घालतात, आणि सोप्याचें उत्तर अर्धेंच लिहून उठतात.

२०१४ मध्यें तो लिव्हरपूलकडे गेला. तेथें चेंडू पायाशीं नसतांनाहि आघाडीच्या खेळाडूनें सतत धांवून प्रतिपक्षास सतावावें, अशी अपेक्षा असे. १६ लीग सामन्यांत त्याचा गोल झाला एक. उलट पुढें फ्रान्समध्यें नीस संघाकडून दोन हंगामांत त्यानें ३३ लीग गोल केले. म्हणजे कौशल्य आटलें होतें, असें म्हणण्याचीहि सोय नाहीं.

आमचा आक्षेप गोलांच्या संख्येस नाहींच. सिटीकडे तो अडीच वर्षें होता. तेवढ्या काळांत ज्यावर सहकाऱ्यानें लीगमध्यें गोल केला, असा त्याचा पास एकच नोंदलेला आहे. तो १३ मे २०१२ चा, वाढीव वेळेंतला. राखीव खेळाडू म्हणून आलेल्या बालोटेलीनें खालीं पडतां पडतां पाय लांबवून चेंडू अग्वेरोकडे सरकविला, आणि ४४ वर्षांनीं संघास अजिंक्यपद मिळालें. पडल्या जागेवरून ज्यास असा पास देतां आला, त्यानें उभ्यानें दुसरा कां दिला नसेल, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं.